शब्द रुळले, अर्थही रुजावा

घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी ही आपल्या सीमाभागाची पूर्वापार रीत. मोबाइलबरोबर ‘ग्रुप’, ‘फॉरवर्ड’, ‘एन्क्रिप्शन’ हे शब्दही तीत सहज सामावले. शब्द रुळले, पण त्यांचा अर्थ मागेच राहिला. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला ही उणीव औषधाच्या बाटलीवरील लेबल न वाचण्याइतकी गंभीर वाटते.

१३ जुलै २०१८ रोजी बीदर जिल्ह्यातील मुरकी येथे घडलेली घटना आपण विसरता कामा नये. हैदराबादहून मित्रांसह आलेल्या पाहुण्यांनी वाटेत मुलांना चॉकलेटे दिली. ‘मुले पळविणारे आले’ हा संदेश त्यांच्या गाडीपेक्षा वेगाने पुढे गेला आणि जमावाच्या मारहाणीत एक तरुण अभियंता प्राणास मुकला. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेने भटक्या समाजातील पाच जणांचा बळी घेतला होता.

‘फॉरवर्ड’ म्हणजे दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा पुढे धाडणे. तो कोणी तपासला, हे त्यातून कळत नाही. तरीही पाठविणारा ओळखीचा म्हणून मजकूर खरा मानला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर जुलै २०१८ पासून अशा संदेशांवर ‘फॉरवर्डेड’ ही खूण दिसू लागली. पुढे आलेले दुहेरी बाण म्हणजे संदेश पाच किंवा अधिक वेळा पुढे सरकत आला आहे. ही लोकप्रियतेची पावती नव्हे, सावधगिरीची सूचना आहे. ‘एन्क्रिप्शन’चेही तसेच. त्यामुळे पाकीट वाटेत कोणी फोडत नाही, पण आतले पत्र खरे असल्याची हमी मिळत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, तेव्हाही अशाच संदेशांनी पालकांच्या मनात भय पेरले. अफवेची झळ शेवटी बालकांनाच लागते.

‘ओआरएस’ ही तीन अक्षरे आपण मातांकडून नुसती पाठ करून घेतली नाहीत. किती पाण्यात किती पूड घालायची, हेही शिकविले. तीच चिकाटी येथे हवी. दवाखान्यात ताटकळणाऱ्या पालकांशी दोन मिनिटे बोलावे, भिंतीवर मराठी व कन्नडमध्ये या शब्दांचे साधे अर्थ लावावेत. संदेश कोठून आला हे कळेपर्यंत बोट आवरणे, एवढे पथ्य घरोघर पाळले गेले, तरी पुष्कळ साधेल.