संगणक आले, परवान्याचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि शाळांतल्या कितीतरी जुन्या मशीनवर विंडोज ११ चालतच नाही. अशा वेळी दुकानदार हमखास म्हणतो, ''ताई, टाकून देतो ना एकच कॉपी विसाच्या वीस मशीनवर!'' पैसे वाचले म्हणून आपण खूश. पण परवाना दर मशीनला लागतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी प्रमाणे जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणं गुन्हा आहे. नफ्यासाठी नसलं तरी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय एका मशीनचा व्हायरस नेटवर्कमधून सगळीकडे पसरतो, ते वेगळंच.

केरळने सरकारी शाळांत केव्हाच लिनक्स आणलं. ते कितीही मशीनवर टाका, परवान्याचा खर्च नाही. पण त्यांनी शिक्षकांनाही त्यावर तयार केलं, पाठ्यपुस्तकं त्यावर बेतली. मला खरं मोल याचं वाटतं. नाहीतर लिनक्स टाकून खोलीला कुलूप, हे आपल्याकडे सहज होईल!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या. तिथे आपण खिचडीचं विचारतो, स्वच्छतागृहाचं विचारतो. पुढच्या बैठकीत संगणकांची बिलं आणि परवान्यांचे कागदही टेबलावर मागा.