पेन्शन एकाची, नोकरी दोघांची

कोकणातल्या आपल्या कुठल्याही मोहल्ल्यात फेरी मारा, समुद्रावर उमर घालवलेला एखादा माणूस भेटतोच. कुणी मर्चंट नेव्हीतला, कुणी मुंबईच्या गोदीतला, कुणी आखातातल्या टगवरचा. गावात या सगळ्यांना सरसकट 'जहाजी' म्हणतात. त्यांच्यात भारतीय नौदलातून निवृत्त झालेले थोडेच. पण त्यांचे घर चटकन ओळखू येते. दारातल्या चपला एका रेषेत, अंगणातली दोरी पक्क्या गाठीने बांधलेली आणि फज्रच्या अजानीआधीच दिवा लागलेला. नेव्हीतल्या माणसाबद्दल पुष्कळ बोलले जाते, त्याच्या घराबद्दल फार कमी. म्हणून या महिन्यात आम्ही त्या घराबद्दल लिहीत आहोत.

आपल्याला समुद्राची चाकरी नवी नाही. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हे मोठे सरदार होते. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर इंग्रजांविरुद्ध संप सुरू झाला, तेव्हा नाविकांच्या मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान होते आणि उपाध्यक्ष मदन सिंग. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ 'खुकरी' बुडाली, तिच्यासोबत 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. म्हणजे 194 घरांमध्ये कुणीतरी वाट पाहत होते. युद्ध असो वा नसो, नेव्हीवाल्याच्या घरात वाट पाहणे हेच रोजचे काम.

आमच्या ओळखीचे एक चाचा 1984 साली अठराव्या वर्षी भरती झाले. ओडिशातल्या चिल्का सरोवराकाठी पहिले प्रशिक्षण, मग लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त इंजिनाचे काम, पुढे मुंबई, विशाखापट्टणम, कोची अशा बदल्या. 24 वर्षांनी, 2008 साली, चीफ पेटी ऑफिसर म्हणून ते बाहेर पडले. वय अवघे 42. गावात जमातीने सत्कार केला, शाल दिली, भाषणे झाली. चाची आत स्वयंपाकघरात बिर्याणीचे पातेले उतरवत होत्या.

या 24 वर्षांपैकी 18 वर्षे त्यांच्याही हिशेबात धरायला हवीत. लग्न 1990 चे. तीन मुले झाली, त्यातल्या दोघांच्या जन्माच्या वेळी चाचा समुद्रात होते. काही वर्षे सरकारी क्वार्टर मिळाले. पण सासरे आजारी पडले तेव्हा चाची मुलांना घेऊन गावी परतल्या. सासऱ्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, शाळेची फी, घराची कौले, आंब्याच्या कलमांचा हिशेब, धाकट्या नणंदेचा निकाह, सगळे त्यांनी पाहिले. सासऱ्यांचा जनाजा उठला तेव्हाही मुलगा पोहोचू शकला नाही. पत्रावर पत्ता असायचा जहाजाचे नाव आणि 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. जहाज कुठे आहे, ते पत्रात लिहायची मुभा नव्हती. "अब्बा कुठे आहेत?" या मुलांच्या प्रश्नाला चाचींचे उत्तर ठरलेले होते, "अल्लाहच्या हवाली."

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतली एक गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. रात्री गस्त घालताना त्यांच्या कानी एका बाईची व्यथा पडली. तिचा नवरा मोहिमेवर होता. त्यांनी आपल्या कन्येला, हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले की बाई नवऱ्याशिवाय किती दिवस सबर करू शकते. उत्तर मिळाल्यावर त्यांनी सैनिकांच्या गैरहजेरीला मर्यादा घातली. काही रिवायतींत ती चार महिने आहे, काहींत सहा. या गोष्टीत आम्हाला दोन बाबी मोठ्या वाटतात. खलिफांनी प्रश्न एका स्त्रीला विचारला. आणि घरी थांबलेल्या बाईचा सबर हा राज्यकारभाराचा विषय मानला. तो तिने मुकाट्याने करायचा असतो, असे म्हणून ते पुढे गेले नाहीत.

समुद्रावरची इबादतही सोपी नसते. जहाज वळले की किबल्याची दिशा बदलते. आपल्या शाफई मसलकात मुसाफिराला नमाज कसर करण्याची आणि जोहर-असर, मगरिब-इशा एकत्र अदा करण्याची सवलत आहे. तिच्या आधारे इंजिनरूमच्या पाळीतूनही नमाज साधता येते. नेव्हीत पहारे चार-चार तासांचे असतात. फक्त संध्याकाळी 4 ते 6 आणि 6 ते 8 असे दोन छोटे पहारे, म्हणजे रोज त्याच माणसावर तीच पाळी येत नाही. पहाटे 4 ची पाळी इतकी वर्षे केलेल्या माणसाला तहज्जुदसाठी गजर लागत नाही, असे चाचा हसून सांगतात.

पण हाच माणूस कायमचा घरी आला की खरी परीक्षा सुरू होते. निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष चाचींना सगळ्यात जड गेले. चाचा फरशीला 'डेक' म्हणत, डबे उंचीप्रमाणे लावत, मुलगा दहा मिनिटे उशिरा आला तरी जाब विचारत. जहाजावर त्यांच्या एका शब्दावर माणसे हलत होती, इथे सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, "अब्बा, अम्मीला विचारून सांगते." त्या वाक्याने ते आठ दिवस गप्प होते. मुलीचे चुकले नव्हते. तिच्या आयुष्यात निर्णय घेणारी व्यक्ती अम्मीच होती.

चाचांचे शहाणपण असे की ते वेळीच समजले. घर चालूच होते, आपण त्यात नव्याने दाखल झालो आहोत, हे त्यांनी मानले. बाजार आणि बँक त्यांनी स्वतःकडे घेतली. पण पैशाचा निर्णय चाचींना विचारून. बंदरावर एका खासगी कंपनीत त्यांनी पुन्हा नोकरी धरली. 42 व्या वर्षी मुले शाळेत असतात, नुसत्या पेन्शनवर भागत नाही. निवृत्त होऊन येणाऱ्या प्रत्येक भावाला आम्ही हेच सांगू: घरात हुकूम घेऊन येऊ नका, सलाम घेऊन या. आणि भगिनींनाही सांगू, त्यांना शिकायला थोडा वेळ द्या.

आता कागदांचे. याच ठिकाणी आपल्या घरांचे जास्त नुकसान होते.

नाविकाला साधारणपणे पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन मिळते. त्याच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याचा साधारण दर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के आहे. पण त्यासाठी पेन्शनच्या आदेशात तिचे नाव हवे, आणि ते आधार व बँकेतल्या नावाशी जुळायला हवे. आपल्याकडे इथेच घोळ होतो. निकाहनाम्यात 'फातिमाबी', आधारवर 'फातिमा', बँकेत 'फातिमा बेगम', आणि जन्मतारीख तिन्ही ठिकाणी वेगळी. नवरा हयात असताना ही दुरुस्ती त्याच्या अर्जाने होते. तो गेल्यावर इद्दतीत बसलेल्या बाईला प्रतिज्ञापत्रांसाठी धावावे लागते. नाविकांचे सेवा अभिलेख मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पमधील 'ब्युरो ऑफ सेलर्स'कडे असतात; आता पेन्शनचे काम 'स्पर्श' या संगणक प्रणालीवर चालते. तिथे जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. दरवर्षीचा हयातीचा दाखला, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड, पेन्शनचा आदेश हे सगळे एका फाइलमध्ये ठेवावे, आणि ती फाइल कुठे आहे ते बायकोला ठाऊक असावे. अपंग अपत्याला, तसेच अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीलाही अटींसह हे वेतन मिळू शकते. मुलीचा तलाक किंवा खुला झाला असेल तर त्याचा रीतसर कागद करून ठेवा. तोंडी सांगण्याला कार्यालयात किंमत नाही.

दुसरा वाद नातेवाइकांत होतो. भावाच्या पेन्शनीत आमचाही शरई हिस्सा, असे कुणी म्हणू लागतो. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मयताच्या मालकीचे घर, जमीन, बँकेतली शिल्लक हा मतरूका. त्यातून आधी कफन-दफन, मग कर्ज, मग एक-तृतीयांशापर्यंतची वसियत आणि उरलेल्यात वारसांचे हिस्से. अपत्य असेल तर पत्नीचा आठवा. न दिलेला मेहेर हेही कर्जच आहे, ते वाटणीआधी फेडायचे. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र मयताची मालमत्ता नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली व्हायोलेट इझाक खटल्यात हेच म्हटले आहे. उलमांचे सर्वसाधारण मतही असे की सरकार मृत्यूनंतर ज्याच्या नावाने हे वेतन देते, ते त्याचेच. म्हणून ते त्या विधवेचे आहे, त्यावर दीर-जावांनी नजर ठेवू नये.

काही बुजुर्गांना जिवंतपणी असे कागद करणे अपशकुनी वाटते. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे, आणि कुरआनातली ती सर्वांत लांब आयत आहे. लिहून ठेवण्याला दीनमध्ये किती महत्त्व आहे, हे त्यावरून समजावे.

एक गोष्ट तरुणांसाठी. 2022 पासून नौदलात नाविकांची भरती अग्निवीर म्हणून होते. मुदत चार वर्षांची, त्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्के जवानांना पुढे कायम केले जाते, बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही. चाचांच्या धाकट्या पुतण्याला नेव्हीत जायचे आहे. जरूर जावे, पण चाचांचे आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून हिशेब करू नये. शिक्षण चालू ठेवावे आणि त्या रकमेचे काय करायचे, ते आधी ठरवावे.

चाचांनी गेल्या वर्षी मेहेरची राहिलेली रक्कम चाचींच्या खात्यात भरली. आजच्या हिशेबाने रक्कम लहान होती. चाचींनी त्यातून स्वतःसाठी काही घेतले नाही. पण पासबुकातली ती ओळ त्यांनी सुनेला उघडून दाखवली.

ज्या घरांतले कुणी या घडीला समुद्रावर आहे, त्यांना अल्लाहतआला सुखरूप परत आणो, आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांच्या सबरचा अज्र त्यांना दोन्ही जहानांत देवो. आमीन.