काउन्सिलच्या वजनकाट्यावर विसंबू नका!

इंग्लंडमधल्या समस्त मराठी पालकांस जाहीर पत्रक



मूल रिसेप्शनमध्ये असताना एकदा आणि इयर सिक्समध्ये पुन्हा एकदा शाळेत त्याची उंची आणि वजन घेतात. काउन्सिलचं पत्र घरी येतं. 'वजन योग्य' एवढं वाचलं की आपण ते ड्रॉवरमध्ये टाकतो आणि इलेव्हन प्लसच्या क्लासची फी भरायला घेतो. आमचं भांडण या निश्चिंतपणाशी आहे.

त्या पत्रात रक्तदाब नसतो. मूल न थांबता किती पळू शकतं, हेही नसतं. उंची-वजनावरून काढलेला बीएमआय तेवढा असतो, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत नेमका तोच फसवा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये चक्क स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सोबत मिस्कील खुलासाही होता: युडकिन मॅरेथॉन पळतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी दार बंद व्हायच्या आत रुग्णालयाची लिफ्ट गाठणं. (आपल्यापैकी कितीजण लिफ्टसाठी तरी पळतात?) याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली, तेव्हाही हेच दिसलं होतं. इंग्रज बाळांपेक्षा ती कितीतरी हलकी, स्नायू कमी, पण चरबी तशीच टिकून. आपल्याकडे 'बारीक आहे हो, काही खातच नाही' असं ज्याच्याबद्दल म्हणतात, ते मूल आतून बारीक असेलच असं नाही.

आता इथल्या शाळांकडे या. २००४ ते २००७ या काळात लंडन, बर्मिंगहॅम आणि लेस्टरमधल्या २०० प्राथमिक शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांची मोठी पाहणी झाली. त्यात गोरी, आफ्रिकी-कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई अशी सगळी मुलं होती. दोन हजारांवर मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. सगळ्यांत कमी हालचाल आपल्या मुलांची निघाली आणि त्यातही मुली मुलग्यांच्या मागे. मधुमेहाची वाट दाखवणारा इन्सुलिन रेझिस्टन्स याच वयात आपल्या मुलांत जास्त होता. उलट जी मुलं जास्त हलती-फिरती, त्यांचं रक्तातलं इन्सुलिन कमी आणि खालचा रक्तदाबही थोडा कमी. रक्तदाबातला फरक लहान होता, हे मान्य. पण तो दहाव्या वर्षीचा आहे, आणि लहानपणी चढा असलेला रक्तदाब मोठेपणीही चढाच राहण्याकडे कल असतो. शिवाय हालचालीचा हा फायदा गोऱ्या, काळ्या, आशियाई सगळ्याच मुलांत सारखा दिसला. तेव्हा 'आमच्या घराण्यातच बीपी आहे' हे वाक्य आता पुरे. घराण्यात बीपी असेल तर मुलाला आधी मैदानावर पाठवा.

पाठवतो का आपण? ग्रामर स्कूलसाठी स्लाउ नाहीतर सटनमध्ये घर घ्यायचं, इयर फोरपासून शनिवार-रविवार व्हर्बल रीझनिंगला द्यायचा, आणि पोरगं बाहेर निघालं की 'थंडी बाधेल' म्हणून आत ओढायचं. मुलीला तर अकराव्या वर्षापासून खेळ सुटल्यातच जमा. आठवड्याला एक नृत्याचा क्लास म्हणजे व्यायाम झाला, ही समजूत कोणी करून दिली?

शाळाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या पाहणीनुसार पाच ते सात वर्षांच्या मुलांची मधली सुट्टी १९९५ च्या तुलनेत आठवड्याला ४५ मिनिटांनी घटली आहे. दुसरीकडे प्राथमिक शाळांना खेळासाठी २०१३ पासून वेगळा निधी मिळतो. २०१७ मध्ये साखरपेयांवरच्या कराच्या जोरावर तो दुप्पट करून वर्षाला ३२ कोटी पौंडांवर नेला. तो कुठे खर्च केला हे शाळेने वेबसाइटवर जाहीर करायचं असतं. तुमच्या शाळेचा हिशेब कधी उघडून पाहिलात?

आमची मागणी महाग नाही. स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये सुरू केलेला 'डेली माइल' प्रत्येक शाळेत रोज व्हावा: पंधरा मिनिटं, शाळेच्याच कपड्यांत, मुलगे-मुली एकत्र. बर्मिंगहॅममधल्या ४० शाळांत हा प्रयोग झाला आणि बीएमआयमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असं कोणी तोंडावर फेकेल. फेकू द्या. पुन्हा वजनकाटाच पुढे केलात, असं त्यांना सांगा. स्टर्लिंगच्या मुलांचा दम वाढला होता, आणि आम्हाला दम हवा आहे. म्हणून शाळेने वर्षातून एकदा शटल रन घेऊन मुलांचा दम मोजावा आणि तो घरी कळवावा.

घरात रक्तदाबाचा इतिहास असेल तर जीपीकडे मुलाचा रक्तदाब तपासायला सांगा. पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा. मोठ्यांचा पट्टा आकडा कमी दाखवतो. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नका. वय, उंची, मुलगा की मुलगी हे पाहून आणि पुन्हा पुन्हा मोजूनच डॉक्टर ठरवतात.

आणि शाळेच्या पालक-गव्हर्नरची जागा रिकामी झाली की अर्ज भरा. गणपतीच्या कार्यकारिणीत एका खुर्चीसाठी आपल्यात पॅनेलं पडतात. या खुर्चीसाठी एकही मराठी नाव पुढे येत नाही.

— काही मराठी आई-वडील