गाण्यात सगळेच जट्ट असतात

वीरजी,



या पत्रात तुमचं नाव मी लिहिलेलं नाही, कारण तक्रार एकट्या तुमच्याबद्दल नाही. ज्या ज्या गायकानं ‘जट्ट’ हा एक शब्द धरून गाण्यावर गाणी केली, त्या प्रत्येकानं हे पत्र आपल्याच पत्त्यावर आलंय असं समजावं.

मी नांदेडची. दखनी शीख. त्यातही सिकलीगर, इकडे मराठीत शिकलगार म्हणतात. दशमेश पित्याच्या, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या, फौजेसाठी शस्त्रं घडवणारे, त्यांना धार लावणारे आमचे पूर्वज. मी शाळेत मराठी शिकवते. गुरुमुखी वाचता येते, रोजचा पाठ चुकत नाही, पण भांडायला आणि रडायला मला मराठीच लागते. म्हणून हे मराठीत. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलानं मोटरसायकल घेतली. एकोणीस वर्षांचा आहे. आठवड्याच्या आत टाकीवर चंदेरी अक्षरांचा स्टिकर आला, गुरुमुखीत. माझे वडील सकाळी गाडी पुसायला बसले तेव्हा त्यांना तो दिसला. त्यांचं शिक्षण गुरुद्वाऱ्यात झालं तेवढंच. अजूनही बोट ठेवून वाचतात. जज्जा, वर अद्धक, मग टैंका. जट्ट. त्यांनी दोनदा वाचलं. मग नातवाला हाक मारली आणि विचारलं, “आपण जाट कधी झालो रे?”

तो हसून म्हणाला, “नानाजी, गाण्यात सगळेच जट्ट असतात.”

त्याला उलट बोलायचं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटतं. फोनवर दिवसभर जी गाणी वाजतात, त्यांत पगडी बांधलेला, रुबाबदार, कुणालाही न घाबरणारा जो माणूस आहे, तो प्रत्येक वेळी जट्टच आहे. मग शीख म्हणजे जट्ट, एवढं साधं गणित त्या पोरानं मांडलं. त्या गाण्यांत शिकलगार कुठेच नाही. सुतार नाही, कुंभार नाही, मजहबी नाही, रविदासी नाही. माझ्या वडिलांनी पन्नास वर्षं सहाणेच्या चाकावर कृपाणींना धार लावली. उजव्या अंगठ्याच्या रेषा पार झिजून गेल्या. आधार कार्डाच्या वेळी मशीन त्यांचा ठसाच घेईना. त्या अंगठ्याच्या नातवाला स्वतःचं नाव मिरवावंसं वाटलं नाही, तुमचं मिरवावंसं वाटलं. माझ्या मनाला लागलं ते हे.

तुम्ही म्हणाल, जट्ट म्हणजे शेतकरी, मातीत राबणारा, त्यात जात कसली? हे उत्तर मी तुमच्या चाहत्यांकडून पुष्कळदा ऐकलंय. पण पंजाबात शेतात राबणारा प्रत्येक जण जट्ट नाही. २०११ च्या जनगणनेत पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा जवळजवळ ३२ टक्के होता, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नावावर जमीन नाही. चिखलात वाकून भाताची लावणी ते करतात, बांधावर उभा असलेला मालक जट्ट असतो. तुमचं गाणं बांधावरच्या माणसाचं आहे. चिखलातला माणूस ते ऐकतो, नाचतो, आणि त्याला सांगायला कुणी नाही की बाबा, यात तू नाहीस.

१६९९ च्या बैसाखीला आनंदपुरात काय घडलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं. तुम्ही त्या मातीतले. गुरूंनी शीर मागितलं तेव्हा जे पाच उठले, त्यांत लाहोरचे खत्री होते, हस्तिनापूरचे जाट होते, जगन्नाथपुरीचे पाणक्ये होते, द्वारकेचे छिंबा म्हणजे कापड छापणारे होते आणि आमच्या शेजारच्या बिदरचे न्हावी होते. एकाच बाट्यातून पाचांना अमृत पाजलं, आणि मग गुरूंनी हात जोडून त्यांच्याकडून तेच अमृत स्वतः घेतलं. त्या दिवशी पुरुषाच्या नावापुढे सिंग लागलं, बाईच्या नावापुढे कौर. त्याच्या पुढे काही लागायचं नव्हतं. आडनावावरून जात कळू नये म्हणूनच तर ते केलं ना?

गाण्यालाच आमचा विरोध आहे असं म्हणून हे पत्र बाजूला टाकू नका. आमचा धर्मच गाण्यातून आलाय. गुरू नानकदेवांबरोबर गावोगाव हिंडणारा सोबती भाई मर्दाना, तो रबाब वाजवायचा, आणि मुसलमान होता. गुरू ग्रंथ साहिबमधली बहुतेक बाणी ३१ रागांमध्ये बांधलेली आहे. गुरू हरगोविंदांच्या दरबारात अब्दुल्ला आणि नत्था हे ढाडी वीरांच्या वारा, म्हणजे पोवाडे, गात. पराक्रम गायचा, छाती फुगवून गायचा, हे तुम्हाला आमच्याच परंपरेनं दिलंय. आणि त्या ग्रंथात आमच्या मराठवाड्याचे नामदेवही आहेत. शिंपी. त्यांची ६१ पदं तुमच्या गावच्या गुरुद्वाऱ्यात पहाटे गायली जातात. इकडे वर्गात त्यांचे अभंग शिकवताना मला फार सुख होतं, दोन्हीकडचे एकच नामदेव म्हणून.

त्या सुखापायीच मी २०१५ मध्ये घुमानला गेले होते, मराठी साहित्य संमेलनाला. गुरदासपूर जिल्ह्यातलं ते गाव नामदेवांनी वसवलं असं मानतात. तिथे फार प्रेम मिळालं. घरांची दारं उघडली, लस्सीचे पेले पुढे आले, महाराष्ट्रातून आलेली शीख बाई म्हणून मला हाताला धरून फिरवलं. परतताना वाटेतल्या एका गावात आम्ही थांबलो. लंगरमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं नाव विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “कौर झालं. पुढे?” मला आधी कळलंच नाही. पुढे काही नसतं ना. मी सांगितलं, सिकलीगर. तिनं मान हलवली, दाल वाढायला लावली, वाईट काही बोलली नाही. पण बाहेर आल्यावर गाडीवाल्यानं सांगितलं की गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गुरुद्वारा आहे, ‘तुमच्यासारख्यांचा’. स्मशानंही दोन आहेत. तो हे सहज बोलला, रस्ता सांगावा तसं. आणि गाडी सुरू करताक्षणी त्यानं गाणं लावलं. ते तुमचंच होतं.

ते दोन गुरुद्वारे तुम्ही बांधलेत असं मी म्हणत नाही. ते तुमच्या आधीपासून आहेत. पण एखाद्या घराला तडा गेलेला असतो आणि कुणीतरी तिथेच ढोल ठेवून बडवायला लागतो, तसं हे झालंय. आता तर समोरून उत्तरंही यायला लागलीत. जालंधरच्या गिन्नी माहीनं आपल्या जातीचं नाव ताठ मानेनं घेऊन गाणी गायली. मी तिला दोष देणार नाही. जिला कुणी मोजत नाही तिनं मोठ्यानं नाव सांगायचंच. पण गुरूंनी मिटवलेली नावं पोरापोरींना पुन्हा मोठ्यानं घ्यावी लागताहेत, याचं दुःख तुम्हाला होत नाही?

बंदुकांचंही तसंच. दारू, नशा आणि हिंसेचा गौरव करणारी गाणी वाजू देऊ नका असं पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बजावलं. २०२२ मध्ये पंजाब सरकारनं शस्त्रं मिरवायला आणि तसल्या गाण्यांना बंदी घातली. कायद्याचं कायदा बघेल. मी एवढंच सांगते की तुमच्या व्हिडिओत रायफल खांद्यावर टाकून जीपवर बसणं म्हणजे शोभा असते. आमच्या वस्तीत ज्याच्या घरी भाता आणि ऐरण आहे, त्याच्या दारावर कुठेही काही घडलं की पहिली थाप पडते. मी लहान असताना दोनदा पडली. वडिलांना चौकीत नेलं, दिवसभर बसवलं, संध्याकाळी सोडलं. शस्त्र आमच्या नावाला संशयासारखं चिकटलंय. आणि तरीही इथल्या तख्त हजूर साहिबमध्ये संध्याकाळी महाराजांची शस्त्रं संगतीला दाखवतात तेव्हा वडील डोळे मिटून उभे असतात. शस्त्र त्यांच्यासाठी सेवा आहे. ते हातात घेऊन त्यांनी कधी फोटो काढला नाही.

त्याच आवारात माई भागोंचा बुंगा, म्हणजे निवासस्थान, आहे. तुम्ही दर्शनाला आलात तेव्हा पाहिला असेल. आनंदपूर सोडून गेलेल्या चाळीस जणांना ज्या माउलीनं परत फिरवलं आणि १७०५ मध्ये खिदराण्याच्या लढाईत त्यांच्याबरोबर उभी राहिली, ती पुढे गुरूंसोबत दक्षिणेत आली, नांदेडला राहिली, आणि बिदरजवळ जनवाड्याला तिनं देह ठेवला. २०१९ मध्ये सिद्धू मूसेवाला यांच्या एका गाण्यात, मुलीच्या ताठ्याचं वर्णन करताना माई भागोंचं नाव उपमेसारखं आलं. लोक दुखावले, मूसेवालांनी माफी मागितली. २९ मे २०२२ रोजी त्यांना गोळ्या घालून मारलं. त्या दिवशी माझा मुलगा जेवला नाही, आणि मीही त्याला जेव म्हटलं नाही. गेलेल्या पोराचा दोष मी उगाळत नाही. मला वेगळंच सांगायचंय. माई भागो जाटांच्या घरात जन्मल्या, ढिल्लों घराण्यात. ते मला माहीत आहे. पण नांदेडात त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नाही. त्या भाग कौर. त्या आमच्या आहेत, माझ्या आईच्या, वस्तीतल्या प्रत्येक बाईच्या. ते गाणं मात्र ‘जट्टी’चं होतं. तीनशे वर्षं ज्या सगळ्यांच्या होत्या, त्यांना तीन मिनिटांत एका जातीच्या ओळीत आणून बसवलं.

तुमची गाणी बंद व्हावीत असं मला वाटत नाही, वीरजी. दलित घरातला धनी राम हा गायक अमरसिंग चमकीला झाला, आणि ८ मार्च १९८८ ला मेहसमपूरला त्याला पत्नी अमरजोतसह गोळ्यांनी संपवलं. त्याची गाणी मला आवडत नाहीत. पण त्याला मारणाऱ्यांच्या बाजूला मी एक पाऊलही टाकणार नाही. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी वर्षभर बसले होते तेव्हा तुम्ही जी गाणी गायलीत, ती मी वर्गातल्या मुलांना ऐकवली होती. तेव्हा तुमच्या आवाजात मजूर होता, बाया होत्या, लंगर होता. दिलजीत दोसांझ पगडी बांधून न्यूयॉर्कच्या मेट गालाला गेले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी तो फोटो एकमेकींना दाखवला. ज्या पगडीपायी २००१ मध्ये अमेरिकेत बलबीरसिंग सोढींचा जीव गेला, ती पगडी तिथे मानानं उभी राहिली, याचं मोल आम्हालाही कळतं. म्हणून तर राग येतो. तुमच्या आवाजात एवढी ताकद आहे आणि त्या आवाजात माझा मुलगा स्वतःला शोधतो, तर त्याला तिथे तो स्वतः का सापडू नये?

पुढच्या खेपेला नांदेडला याल तेव्हा गाड्यांचा ताफा थोडा वेळ थांबवा आणि आमच्या वस्तीत या. वडिलांची नजर आता कमी झालीय, पण हात चालतो. तुमच्या कृपाणीला ते धार लावून देतील, आडनाव विचारणार नाहीत.

स्टिकर अजून टाकीवर आहे. मी तो खरवडलेला नाही, खरवडणारही नाही. तो मुलानंच काढायचा. उन्हानं त्याचा एक कोपरा सुटलाय. वडील रोज सकाळी गाडी पुसतात, आणि फडकं तिथवर आलं की त्या कोपऱ्याला धक्का लागू नये म्हणून हात उचलून पलीकडे नेतात.

तुमची बहीण,
एक सिकलीगर कौर
नांदेड