जागा आहे, तरी प्रत उतरत नाही!

दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या संगणकातील नोंदींची बॅकअप प्रत पेन ड्राइव्हवर घेताना काम कधी कधी मध्येच थांबते. ड्राइव्हवर जागा भरपूर असते, तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. दोष ड्राइव्हचा नसतो. ‘फॅट-३२’ पद्धतीत फाइलचा आकार ३२ बिटांच्या आकड्यात लिहिला जातो. त्यामुळे एक फाइल ४ जीबीपेक्षा थोडी कमीच ठेवावी लागते.

अडचण जुनीच आहे. १९९० च्या दशकात अनेक युनिक्स संगणकांवर ही मर्यादा २ जीबी होती. तेव्हा जाणकार मंडळी ओरॅकलची प्रत डिस्कवर उतरण्याआधीच दाबून लहान करीत आणि तिचे तुकडे पाडीत. १९९९ मध्ये आलेल्या ‘ओरॅकल ८आय’मध्ये तुकड्याचा आकार ठरवण्याची सोयच मिळाली.

आजही उपाय तोच. प्रत ‘झिप’ करावी. तरीही मोठी राहिली, तर तिचे क्रमवार तुकडे करावेत. ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट केला तर ही अडचण राहत नाही. मात्र त्याआधी त्यावरील मजकूर दुसरीकडे काढून ठेवावा, कारण फॉरमॅट करताना तो पुसला जातो.

तुकड्यांपैकी एक जरी हरवला, तरी सगळी प्रत वाया जाऊ शकते. म्हणून सर्व तुकडे दुसऱ्या संगणकावर जोडून नोंदी उघडतात का, हे आधी पाहावे. तोवर मूळ नोंदींना हात लावू नये.