कैफियत आधी, तजवीज नंतर

‘डिझाइन थिंकिंग’ या नावाने जी विचारपद्धती हल्ली व्यवस्थापनाच्या विद्यालयांपासून सरकारी कार्यशाळांपर्यंत सर्वत्र मोठ्या हौसेने शिकवली जाते, तिचे सार असे की, ज्याच्यासाठी उपाय योजायचा त्याच्या नित्यजीवनाचे आधी निरीक्षण करावे, मग प्रश्नच नव्याने मांडावा, लहान प्रमाणावर प्रयोग करावा आणि तो फसल्यास निःसंकोच मोडून पुन्हा आखावा. हर्बर्ट सायमन यांनी रचनेला शास्त्राचा दर्जा मिळवून देणारा आपला ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध केला आणि योगायोगाने त्याच वर्षी पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. तेव्हा ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही, नवा आहे तो तिचा डांगोरा. माझी तक्रार एवढीच की, रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटवण्याचा सोहळा यथासांग पार पडतो आणि ज्याचे दुखणे आहे त्याची कैफियत ऐकण्याचे काम मात्र कसेबसे उरकले जाते.

बीड जिल्ह्यात ऐकून केलेली आखणी आणि न ऐकता केलेली आखणी, दोन्ही एकाच प्रश्नाच्या पोटात पाहावयास मिळतात. दसरा-दिवाळी उलटली की बालाघाटाच्या माथ्यावरील गावांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, ती परततात चैत्राच्या सुमारास. आणि मधल्या काळात मुलांची शाळा बुडते. यावर नव्वदीच्या दशकात कारखान्यांजवळ, तोडीला गेलेल्या मुलांसाठी, साखरशाळा निघाल्या. हेतू उत्तम होता, कष्टही प्रामाणिक होते. परंतु तोडीची टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत राहते, आईबाप पहाटेच्या अंधारात निघून जातात आणि थोरल्या पोरीच्या कडेवर धाकटे भावंड असते, या वस्तुस्थितीपुढे शाळा सारखी मागे पडू लागली. पुढे कोणीतरी प्रश्न उलटा धरला: गेलेल्या मुलाला तिथे शिकवावे कसे, याऐवजी मूल गावातच राहण्यासाठी काय लागेल? गावात घर होते, आजी होती, गुरुजीसह शाळाही होती. नव्हती ती दोन वेळच्या जेवणाची शाश्वती, कारण शिधा आईबापांबरोबर निघून जात असे. यातून हंगामी वसतिगृह निघाले, आणि ते म्हणजे बहुतेक ठिकाणी नवी इमारत नव्हेच. शाळा व्यवस्थापन समितीने चालवलेला स्वयंपाक आणि रात्री निजायला आजीचे घर. हजेरीपटावरील नावे आणि ताटे यांचा मेळ सर्वत्र बसतोच असे नाही, आणि वयात आलेल्या मुलीला म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सोडण्यास आईचे मन धजत नाही हेही खरे. तरीही एवढ्या अल्प खर्चात इतकी नेमकी तजवीज माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

आता त्याच टोळीतील बाईकडे वळू. टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ लिहिला जातो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या हातात, आणि ती फिटते तोडलेल्या टनांवर. बाई पहाटे तीनला उठून भाकरी बडवते, दिवसभर ऊस साळते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. पण वहीत तिच्या नावाचे पान नाही. एक दिवस कामावर न गेल्यास ‘खाडा’ पडतो आणि दंड दोघांच्या हिशेबातून वळता होतो. पालांच्या तळावर संडास नाही, न्हाणी नाही, पाणी दुरून आणायचे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे जी पाहणी आली तीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे डॉक्टरांनी दाखवलेली कर्करोगाची भीती होती, अल्पवयातील लग्ने व बाळंतपणे होती, हे मान्यच. परंतु पाळीच्या दिवसांचा आणि दुखण्याचा खाडा चुकवण्याचा मार्गही त्यांतल्या कित्येकींनी त्यात शोधला होता. वहीची आखणी बदलणे कोणाच्या हाती नव्हते असे नाही, बाईच्या हाती मात्र तेवढे शरीरच होते.

त्यानंतर अशा शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. बंदोबस्त योग्यच, पण तो दवाखान्याच्या दारावरचा. खाडा फडात पडतो. ऊसतोडणी यंत्रांना मिळणारे अनुदान हे तर कारखान्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ऊस वेळेवर कसा तुटेल, हा कारखान्याचा प्रश्न. तोडणारीचे पोट कशावर चालेल, हा तिचा, आणि तो यंत्राला विचारता येत नाही.

वसतिगृहाची मसलत ज्या बुद्धीने झाली तीच येथे लावावयाची तर आरंभ वहीपासून करावा लागेल: अर्ध्या कोयत्याचे स्वतंत्र खाते, तिच्या मजुरीची तिच्या नावे जमा, महिन्यातून ठरावीक दिवस बिनदंडाची सुटी. एखाद्या कारखान्याने एका हंगामात, दहा-वीस टोळ्यांपुरते, हे करून पाहावे. टनांमध्ये फरक पडतो किंवा कसे ते काट्यावर आपोआप कळेल. मात्र कशी सुटी, किती दिवसांची, हिशेब कोणी ठेवायचा, हे बायांना विचारायचे तर उचल वाटली जाते त्या पावसाळ्यातच, मुकादम दारात येण्यापूर्वी, विचारले पाहिजे. दिवाळीनंतर पाहणीचे कागद घेऊन निघणाऱ्या अधिकाऱ्याला गावात म्हातारी माणसे आणि वसतिगृहातली पोरे एवढीच भेटतील.