आपलं वाचणं वाचवूया

दोन वर्षांपूर्वी आत्या आठ दिवस आमच्याकडे राहायला आली होती. एका दुपारी तिने माझा फोन मागितला. "जरा बघायचंय काहीतरी," एवढंच म्हणाली आणि दहा मिनिटांनी परत दिला. त्या संध्याकाळपासून मी बातमी उघडली की कडेला रुग्णालयाची जाहिरात, अळूवडीची कृती उघडली की मधोमध मॅमोग्राफीवर सवलत. आत्याने हिस्टरी पुसली होती, तेवढं तिला येत होतं. पण तिने जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते जाहिरातींनी मला सांगून टाकलं.

गाठ साधी निघाली, सगळं ठीक झालं. तरी ती गोष्ट कधी सांगायची, कुणाला सांगायची, हे ठरवणं तिच्या हातात होतं. ते हातातून गेलं, आणि माझ्याच फोनने घालवलं.

आपल्यातल्या किती घरांत आजही एकच चांगला फोन आहे! तो दिवसा मुलाच्या अभ्यासाला, दुपारी सासूबाईंच्या कीर्तनाला, रात्री सगळ्यांच्या रीलला. अशा फोनवर "खास तुमच्यासाठी" म्हणून जे येतं, ते नेमकं कुणासाठी असतं? सुनेने शोधलेलं सासऱ्यांना दिसतं, कॉलेजातल्या मुलीने विचारलेलं भावाला दिसतं. परदेशातल्या कचेरीत बसून "एक फोन म्हणजे एक माणूस" हे गृहीत धरून बांधलेली यंत्रणा आपल्या घरात आली की तिची चुगलखोर शेजारीण होते.

आठवा, आपण आधी कसं वाचत होतो. वाचनालयात जायचं, कपाटासमोर उभं राहायचं, हवं ते चाळायचं. ग्रंथपालांना ठाऊक असायचं आपण काय नेलं ते. पण कोणत्या पानावर थांबलो, कुठे डोळे पुसले, कोणतं पुस्तक उचलून परत ठेवलं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि जे कळायचं ते ते विकत नव्हते. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर उभ्या उभ्या मासिक वाचणाऱ्याला तर कुणी नावही विचारत नव्हतं. वाचणारा वाचत होता, त्याला कुणी वाचत नव्हतं. आपण गमावतोय ते हे.

गंमत म्हणजे सुरुवात वाईट हेतूने झाली नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरने 'कुकी' काढली ती दुकानाची टोपली लक्षात राहावी म्हणून. पान बदललं की संकेतस्थळ आपल्याला विसरायचं. त्याने आपल्या ब्राउझरमध्ये छोटीशी खूणचिठ्ठी ठेवली, काम झालं. पुढे जाहिरातवाल्यांच्या लक्षात आलं की एकाच पानात दहा ठिकाणांहून आलेले तुकडे बसवता येतात, आणि प्रत्येक तुकडा आपापली चिठ्ठी ठेवू शकतो. आज बातमीचं एक पान उघडलं की बातमीच्या मागून अनोळखी पाहुण्यांची रांगच आत येते. हेच पाहुणे पुढच्या संकेतस्थळावरही आधीच येऊन बसलेले असतात. थर्ड-पार्टी कुकी म्हणतात ती या पाहुण्यांची चिठ्ठी.

ॲपलच्या सफारीने २०२० मध्ये या पाहुण्यांना दार बंद केलं. फायरफॉक्सनेही टप्प्याटप्प्याने केलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये आयता आलेला गूगलचा क्रोम मात्र २०२० पासून "करतो, करतो" म्हणत राहिला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने ते सोडूनच दिलं. ज्या कंपनीचं पोट जाहिरातींवर भरतं, तिने स्वतःहून ताट बाजूला सारावं अशी अपेक्षा आपण करत होतो, हा आपलाही भाबडेपणा म्हणायचा.

बरं, कुकी पुसली की सुटलो असंही नाही. पडद्याचा आकार, फोनचं मॉडेल, भाषा, वेळेचा पट्टा अशा बारीकसारीक गोष्टी जुळवून ब्राउझरचा ठसा काढता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास ब्राउझर तपासले, तेव्हा त्यातले ८३ टक्क्यांहून जास्त एकमेकांपासून वेगळे ओळखू आले. यात आपल्यासाठी एक चिमटा आहे. ज्याने फोनची भाषा मराठी ठेवली, तो जगाच्या गर्दीत जरा जास्तच उठून दिसतो! म्हणून भाषा बदलायची नाही हं. बदलायचा तो ब्राउझर.

आणि जून २०२५ मध्ये तर हद्दच झाली. स्पेन, नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची ॲप्स मागे गुपचूप बसून फोनच्या आतल्या वाटेने ब्राउझरमधल्या ट्रॅकरशी बोलत होती. म्हणजे आपण ब्राउझरमध्ये कुठेही लॉगिन न करता एखादं पान वाचावं आणि ते थेट आपल्या नावाच्या खात्याशी जोडता यावं. इन्कॉग्निटोतही, कुकी पुसूनही. रशियाच्या यांडेक्सची ॲप्स हेच २०१७ पासून करत होती. हे जगजाहीर झालं त्याच सुमारास फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक मेटाने ते बंद केलं. हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. हे सगळं अटळ नाही. कुणी बघतंय म्हटल्यावर हात मागे घेतला जातो.

"पण मी काय लपवतोय? बघू देत की!" असं आपल्यातलेच कितीतरी जण म्हणतात. त्यांना एक विचारते. अंतर्देशीय पत्र आपण डिंकाने का चिकटवत होतो? आत बहुतेक वेळा "इकडील सर्व क्षेम" एवढंच असायचं. तरी पोस्टकार्डापेक्षा जास्त पैसे मोजून आपण ते बंद करत होतो. घरचं बोलणं घरचं राहावं, इतकी साधी इच्छा होती ती.

शिवाय प्रश्न फक्त दिसण्याचा नाही, दाखवण्याचाही आहे. आपण कशावर थांबतो हे पाहून पुढचं पान ठरतं. कर्ज शोधणाऱ्याला आणखी कर्ज, घाबरलेल्याला आणखी भीती. सोयीचाही भाग आहे, नाकारत नाही. पावसाचा अंदाज आपल्या तालुक्याचा दिसला तर कुणाला नकोय? पण तालुका सांगणं वेगळं आणि सगळं मन उघडं करून देणं वेगळं.

आता यावर एक हुकमी उत्तर मिळतं: जाहिराती नसतील तर फुकट वाचायला कसं मिळणार? इथे आपण मराठी वाचकांनी ठासून बोललं पाहिजे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपली दिवाळी अंकांची परंपरा चालू आहे, आणि तिला जाहिरातींनी मोठा हात दिला आहे. साबण, तेल, सहकारी बँका, सोन्याची पेढी. पेढीला ठाऊक होतं की दिवाळीत अंक वाचणाऱ्या घरात सोन्याची चर्चा होतेच. कोणत्या घरात मुलीचं लग्न ठरलंय हे तिला विचारावं लागलं नाही. जाहिरात मजकुराशेजारी बसली, वाचकाच्या मागे लागली नाही. हे आजही जमतं. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२० मध्ये आपल्या संकेतस्थळांवर माग काढणाऱ्या जाहिराती बंद केल्या आणि उत्पन्न उलट वाढलं.

म्हणून पहिली हाक आपल्याच माणसांना: मराठी संकेतस्थळं चालवणारे संपादक, प्रकाशक, साहित्य संस्था, शाळा. आपल्या पानावर किती पाहुणे बसवलेत, एकदा मोजा. बहुतेक ठिकाणी ते कुणी मुद्दाम बसवलेले नसतात. संकेतस्थळ बांधणाऱ्याने तयार साचा वापरला, त्यासोबत आले. काढायला एक दुपार पुरते.

कायदाही आता आपल्या बाजूने थोडा झुकलाय. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ चा वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. सरकारला त्यात दिलेल्या सवलती मला खुपतात, माहिती अधिकाराला त्याने लावलेली कात्री त्याहून जास्त. पण त्यातल्या दोन गोष्टी आपण घट्ट धरून ठेवायच्या. एक, संमती मागताना दिली जाणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, म्हणजे मराठीतही. दोन, संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. "मान्य" एका बोटावर आणि "अमान्य" सात पानं आत, हे चालणार नाही. ही मराठी सूचना दिसली नाही तर आपण विचारायचं. एकाने विचारलं तर टाळतील, हजारांनी विचारलं तर लिहून घेतील.

तोवर आजच्या आज आपल्या बोटांशी काय आहे? बरंच आहे. क्रोमच वापरायचा असेल तर सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या भागात जाऊन थर्ड-पार्टी कुकी बंद करा. त्याहून बरं, फायरफॉक्स घ्या. तो मराठीतही मिळतो, आणि अँड्रॉइडवर त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेंशन बसतं, जे क्रोमच्या मोबाइल आवृत्तीत बसत नाही. ते बसवलं की पानं हलकी होतात, डेटाही कमी जातो. रोजचा दीड जीबी पुरवून वापरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ब्रेव्हसारख्या ब्राउझरात अडवण्याची सोय आधीच असते. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगलच्या खाली 'जाहिराती' असतं, तिथून जाहिरात आयडी पुसून टाकता येतो. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमधली लिंक त्यांच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते; तीन टिंबं दाबून ती बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. आणि "नोटिफिकेशन पाठवू का?" असं कोणतंही पान विचारू लागलं की उत्तर एकच, नको.

इन्कॉग्निटोबद्दल गैरसमज फार आहे. तो घरातल्या डोळ्यांपासून वाचवतो, बाहेरच्या नाही. पण एकाच फोनवर चालणाऱ्या घरात घरातले डोळेही लहान गोष्ट नव्हे. फोन कुणाला देताना इन्कॉग्निटो उघडून द्यायचा, एवढा शिष्टाचार आपण सहज पाळू शकतो. मी त्या दुपारी पाळला असता तर कदाचित हा लेख दुसऱ्या कुठल्या गोष्टीने सुरू झाला असता.

हे एकट्याने करून भागत नाही, आणि एकट्याने करायची गरजही नाही. बारावीतल्या मुलाला जे पाच मिनिटांत जमतं त्याला आजोबांचा अर्धा दिवस जातो. आपल्याकडे वाचनालयं आहेत, बचत गट आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, एन.एस.एस.ची मुलं आहेत. ज्याला थोडं अधिक येतं त्याने फायरफॉक्सच्या मराठी भाषांतराला हात लावावा. ते स्वयंसेवकांच्या जिवावरच चालतं.

आमच्या वाचनालयात आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी दोन खुर्च्या मांडतो. कॉलेजातली दोन मुलं बसतात. लोक फोन घेऊन येतात, दहा मिनिटांत सेटिंग्ज बदलून जातात. गेल्या खेपेला आत्याही आली, स्वतःचा नवा फोन घेऊन. सगळं झाल्यावर तिने मुलाला विचारलं, "आता हा कुणाला काही सांगणार नाही ना?"

मुलगा प्रामाणिक. म्हणाला, "आजी, आधीपेक्षा बरंच कमी सांगेल."

"चालेल," आत्या म्हणाली, आणि शेजारच्या काकूंचा फोन त्याच्यासमोर सरकवला.